पैसे गेले तर पहिला तास, न जावेत म्हणून एक संध्याकाळ

तुमच्या खात्यातून आत्ताच पैसे गेले असतील तर हा लेख नंतर वाचा, आधी १९३० फिरवा. सायबर आर्थिक फसवणुकीसाठीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

एवढी घाई का, हे समजलं तर टाळाटाळ होत नाही. चोरलेली रक्कम चोराच्या स्वतःच्या खात्यात सहसा जातच नाही. ती आधी जाते भाड्याच्या खात्यात, म्हणजे चार पैशांसाठी कुणीतरी वापरायला दिलेल्या खात्यात. तिथून काही मिनिटांत ती अनेक खात्यांत फुटते. मग कुठल्यातरी एटीएममधून रोख निघते किंवा तिची क्रिप्टो होते. तक्रार नोंदली की व्यवहाराचा तपशील त्या बँकेकडे जातो आणि खात्यात जे शिल्लक असेल ते गोठवता येतं. रक्कम पुढे सरकली असेल तर निरोप पुढच्या बँकेकडे जातो. ही शर्यत तासांची नाही, मिनिटांची आहे.

क्रम असा ठेवा.

१. १९३० वर बोलताना हाताशी हवं: तुमचा खाते क्रमांक, रक्कम, वेळ, आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआयचा हा क्रमांक बारा आकडी असतो आणि ॲपच्या इतिहासात मिळतो. नेट बँकिंगचा असेल तर बँकेच्या एसएमएसमध्ये यूटीआर लिहिलेला असतो. तो सापडत नाही म्हणून फोन थांबवू नका, आहे तेवढं सांगा. लाइन लागली नाही तर केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर क्राइम पोर्टलवर स्वतः तक्रार भरा.

२. लगेच बँक. कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग, तिन्ही बंद करायला सांगा. बँकेचा नंबर कार्डाच्या मागच्या बाजूवरून किंवा पासबुकावरून घ्या. गुगलवर शोधलेला नंबर घेऊ नका, कारण तिथे चोरांनीच आपले नंबर बँकेच्या नावाने पेरलेले असतात. एकदा लुटलेला माणूस असा पुन्हा लुटला जातो.

३. समोरच्याने कुठलं ॲप टाकायला लावलं असेल, स्क्रीन दिसणारं किंवा व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, तर फोनचं इंटरनेट बंद करा आणि पुढचे फोन दुसऱ्याच्या मोबाईलवरून करा. हॅकरच्या डोळ्यांसमोर पासवर्ड बदलून उपयोग नाही.

४. चॅट, कॉलची यादी, आलेले एसएमएस यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. रागाच्या भरात काही डिलीट करू नका. तोच पुरावा आहे.

५. मग पोलीस. १९३० वरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हे पुष्कळांना माहीत नसतं. जवळच्या ठाण्यात जा किंवा रायबंदरच्या सायबर क्राइम पोलीस ठाण्यात. गुन्हा कुठे घडला यावरून ठाणं तुम्हाला परत पाठवू शकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रार हद्दीबाहेरची असली तरी नोंदवून घ्यावी लागते. ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

आता गोव्याचं खास दुखणं. इथे वाड्यावरची बातमी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलच्या आधी घरोघरी पोचते. मडगावच्या शाखेत काउंटरवर बसलेली मुलगी आपल्या भाचीची मैत्रीण निघते, ठाण्यातला हवालदार शेजारच्या गावचा. त्यामुळे निवृत्त मास्तर किंवा ज्यांचा हिशेब सगळा गाव मानतो असे गृहस्थ दोन दिवस गप्प बसतात, मुलांनाही सांगत नाहीत. चोराला याचीच खात्री असते. पैसे गेल्याचं कळल्यावर 'कशाला क्लिक केलंस' हा प्रश्न विचारणारा नातेवाईक त्याचंच काम सोपं करतो. आधी फोन करू द्या, बोलणी नंतर खाता येतील.

दुसऱ्या दिवशी: बँकेशी कागदावर बोला

तोंडी तक्रारीला बँकेत किंमत नसते. एक पानी अर्ज करा, तक्रार क्रमांक लिहा, प्रतीवर शिक्का घ्या.

अर्जात कशाचा आधार द्यायचा? अशा व्यवहारांत ग्राहकाने किती भार सोसायचा याबद्दलच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांचा, जे ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आले. त्याचं सार असं: चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्यानेच कुठेतरी यंत्रणा फोडली, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर शून्य भार. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि मूलभूत बचत खात्याला ५,००० रुपये सोसावे लागतात. त्यानंतर बँकेचं जे धोरण असेल ते. चूक बँकेचीच असेल तर दिवस मोजायची गरज नाही. सहकारी बँकांसाठी असेच नियम त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आले. गोव्यात पुष्कळ घरांची खाती अर्बन बँकांत आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आणि ओटीपी तुम्हीच दिला असेल तर? मग कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. म्हणून 'माझीच चूक, आता काय सांगू' असं म्हणून बसणं म्हणजे बँकेची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेणं.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार ऑनलाइन करता येते. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पोलिसांनी दुसऱ्या राज्यातल्या खात्यात रक्कम गोठवून ठेवली असेल तर ती आपोआप परत येत नाही. संहितेच्या कलम ५०३ खाली सहसा न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. हा टप्पा माहीत नसल्यामुळे गोठलेली रक्कमही तशीच पडून राहते. पोलिसांकडे पाठपुरावा करताना 'किती रक्कम होल्ड झाली, कुठल्या बँकेत' हे लेखी मागून घ्या.

एक संध्याकाळ काढा

वरचं सगळं करायची वेळ येऊ नये म्हणून घरात एकदा बसून काही कुलुपं लावायची. रविवारी दुपारची झोप झाली की बसा. सोबत आईवडिलांचे फोनही घ्या, कारण खरी जोखीम त्यांचीच.

सुरुवात सिमपासून, कारण आज तुमची ओळख म्हणजे तुमचा मोबाईल नंबर. ओटीपी तिथे येतो, ईमेलचा पासवर्ड तिथून बदलतो. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर किंवा ॲपवर तुमच्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर 'हा माझा नंबर नाही' म्हणून तिथेच नोंदवा. तुमच्या आधारवर काढलेल्या सिमवरून दुसऱ्याला लुटलं तर पोलीस आधी तुमच्या दारात येतात. हरवलेल्या मोबाईलचा हँडसेट बंद पाडायची सोयही याच पोर्टलवर आहे.

सिम बदलून घेण्याची चोरीही होते. शेजाऱ्याला रेंज आहे आणि तुमच्याच फोनवर तासभर 'नो सर्व्हिस' दिसतंय, तर पावसाला दोष देऊ नका. दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा की माझ्या नंबरचं नवं सिम किंवा ई-सिम कुणी काढलंय का. आणि स्टार-४०१ किंवा स्टार-२१ ने सुरू होणारा कोड दाबायला कुणी सांगितलं, 'कुरिअरची डिलिव्हरी पक्की करा' म्हणत, तर दाबू नका. तुमचे कॉल त्याच्या नंबरवर वळतात. शंका असेल तर हॅश-हॅश-००२-हॅश डायल केल्यावर वळवलेले सगळे कॉल रद्द होतात.

मग बँक. माझ्या मते सगळ्या उपायांत एकच निवडायचा असेल तर हा: यूपीआयसाठी वेगळं, लहान खातं ठेवा. महिन्याच्या बाजाराला, नुस्त्याला म्हणजे मासळीला, पेट्रोलला लागतं तेवढंच त्यात. पेन्शन, पगार आणि ठेवी ज्या खात्यात आहेत ते खातं कुठल्याही यूपीआय ॲपला जोडूच नका. पिन फुटला, फोन गेला, मुलाने गेममध्ये काही दाबलं, तरी जाणार ते त्या लहान खात्यातलं. बाकीच्या सूचना माणूस विसरतो, ही रचना विसरत नाही.

त्यानंतर बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डावरचे परदेशी व्यवहार बंद करा. परदेशी संकेतस्थळांवर बरेचदा ओटीपी मागतच नाहीत, त्यामुळे चोरलेलं कार्ड तिथे चालतं. २०२० पासून ही चालू-बंदची सोय प्रत्येक बँकेला द्यावी लागते. नेट बँकिंगची रोजची मर्यादा तुमच्या गरजेइतकी खाली आणा. मुदत ठेव ऑनलाइन मोडण्याची सोय बंद करता येते का ते शाखेत विचारा. येत असेल तर वृद्धांच्या खात्याला ती बंदच बरी. डिजिटल अरेस्टच्या, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या अटकेच्या, बळींनी आयुष्यभराच्या ठेवी घरबसल्या मोडल्या, शाखेत जावं लागलं असतं तर वाटेत कुणीतरी भेटलं असतं.

आधारला जरा वेळ द्या. आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा यांवर बँक मित्राच्या, म्हणजे बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीच्या, यंत्रातून पैसे काढता येतात, ओटीपी लागत नाही. खेड्यातल्या म्हाताऱ्यांना ही सोय मोठी, पण काही राज्यांत चोरांनी जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवले आणि खाती रिकामी केली. दस्तावर नाव, आधार क्रमांक आणि ठसा तिन्ही एकत्र असतात, आणखी काय हवं? म्हणून आधारच्या अधिकृत ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर जाऊन बायोमेट्रिक लॉक करा. ओटीपी येतो, दोन मिनिटांचं काम. रेशनच्या दुकानात किंवा सिम घेताना अंगठा द्यायचा असेल तर थोड्या वेळापुरतं उघडता येतं. आजी दर महिन्याला रेशनला जाते आणि उघडणारं घरात कुणी नसतं, अशा घरी लॉकपेक्षा दुसरा मार्ग सोयीचा: या खात्यावर आधारच्या ठशाने पैसे काढण्याची सोय बंद करा, असा अर्ज बँकेला द्या. आधार कुठे कुठे वापरलं गेलं याचा मागच्या सहा महिन्यांचा इतिहासही तिथेच दिसतो.

आधारची झेरॉक्स देण्याची आपली सवय वाईट आहे. हॉटेलात, सिमच्या दुकानात, पतसंस्थेत, कुठेही मागितली की काढून देतो, आणि झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये अख्ख्या गावाची आधार कार्डं पडलेली असतात. मास्क्ड आधार वापरा. त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. झेरॉक्स द्यावीच लागली तर त्यावर आडवं लिहा: कशासाठी, कुणाला, तारीख. दुकानातून प्रिंट काढली तर फाइल पुसून घ्या आणि तिथल्या व्हॉट्सॲप वेबमधून बाहेर पडा.

शेवटी पॅन. तुमच्या नावावर कुणी कर्ज काढलंय का, ते क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चारही एकदम काढू नका, दर तीन महिन्यांनी एक काढा, म्हणजे वर्षभर लक्ष राहतं. न घेतलेलं कर्ज दिसलं तर त्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे, दोन्हीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. तक्रारीत कलमाचा उल्लेख केला की कागद जरा गांभीर्याने वाचला जातो.

फोनवरचे सोंगाडे

प्रत्येक युक्तीची यादी करण्यात अर्थ नाही, पुढच्या महिन्यात नवी येते. पण गोव्यात कुठला धागा पकडून फोन येऊ शकतो ते सांगतो.

सरकारी योजनेचं नाव घेऊन. दयानंद सामाजिक सुरक्षेच्या लाभार्थ्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, गृह आधारवाल्या बायकांना कागद अद्ययावत करावे लागतात. 'दाखला राहिला, या महिन्यापासून पैसे बंद, लिंकवर आधार टाका' असं म्हटलं की पोटात गोळा येणारच. फोनवर उत्तर देऊ नका. बँकेत, पंचायतीत किंवा खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा. दाखला लिंकवर क्लिक करून किंवा ओटीपी सांगून कुणालाही द्यायचा नसतो.

विजेच्या बिलाचं नाव घेऊन. 'आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा.' गोव्यात वीज हे सरकारी खातं आहे, आणि कुठल्या साहेबाच्या खासगी मोबाईलवर फोन करून बिल भरायचं नसतं. १९१२ वर विचारा.

वाहनाच्या चलनाचं नाव घेऊन, किंवा लग्नपत्रिका म्हणून येणारी एपीके फाइल. चलन परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघता येतं. पत्रिका कधीही ॲप असत नाही, ती चित्र किंवा पीडीएफ असते. अशी फाइल उघडली की ती तुमचे एसएमएस वाचते, ओटीपीसकट.

आणि सगळ्यात क्रूर, डिजिटल अरेस्ट. मुलं बंगळुरूत किंवा लिस्बनमध्ये, घरात दोघं म्हातारी. फोन येतो: तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले. मग व्हिडिओ कॉलवर खाकीतला माणूस, मागे पोलीस ठाण्याचा देखावा, सीबीआयचं खोटं पत्र. कॉल बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही, पैसे 'तपासणीसाठी' पाठवायचे, निर्दोष ठरलात की परत. तासन् तास, कधी दिवसेंदिवस माणसाला कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतात. भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक नावाची गोष्टच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे सांगितलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. तरी लोक फसतात, कारण भीती बातमी वाचून जात नाही. म्हणून घरातल्या वृद्धांबरोबर एक ठरवून ठेवा: पोलीस म्हणून कुणीही फोन केला की तो कापायचा आणि शेजारच्या अमुक घरी जायचं. 'कुणाला सांगू नका' ही अट ऐकू आली की फोन खोटा, एवढं पुरे. खऱ्या पोलिसाला तुम्ही शेजाऱ्याला सांगितल्याने काही बिघडत नाही.

शेअर बाजाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल थोडक्यात. प्लॉट विकून हातात मोठी रक्कम आली की असे ग्रुप तुम्हाला शोधत येतात असं वाटावं, इतके ते पसरलेत. ॲपमध्ये नफा वाढताना दिसतो, काढायला गेलं की 'आधी कर भरा'. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीकडे नोंदलेल्या दलालांचे यूपीआय पत्ते 'ॲट-व्हॅलिड' असा शब्द असलेले आहेत. तो नसलेल्या पत्त्यावर किंवा कुणाच्या वैयक्तिक खात्यावर गुंतवणुकीचे पैसे पाठवायचे नाहीत.

बँकांची संकेतस्थळंही आता 'डॉट बँक डॉट इन'ने संपणारी झाली आहेत. पत्त्यात पहिल्या तिरप्या रेषेच्या लगेच आधी तेच आहे का बघा, मध्ये कुठेतरी 'बँक' शब्द असून चालत नाही.

खोली भाड्याने देणारे, शॅकवाले, दुकानदार

वास्को, चिखली भागात फ्लॅट भाड्याने द्यायची जाहिरात टाकली की एक ठरलेला फोन येण्याची शक्यता असते: 'मी सैन्यात आहे, हंसा नौदल तळावर बदली झाली, आगाऊ रक्कम लष्कराच्या खात्यातून येईल, हा कोड स्कॅन करा.' ओळखपत्राचा फोटोही येतो, तो दुसऱ्याच कुणा जवानाचा चोरलेला असतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. व्यक्तीकडून व्यक्तीला पैसे मागण्याची 'कलेक्ट रिक्वेस्ट' ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर बंद झाली, म्हणून आता कोडवर जोर आहे.

हणजूण, वागातोर, पाळोळेकडे व्हिला किंवा होमस्टे चालवणाऱ्यांची ओळखही चोरीला जाते. तुमच्याच घराचे फोटो, तुमचंच नाव, फक्त फोन नंबर चोराचा. दिल्लीहून कुटुंब बॅगा घेऊन दारात उभं राहतं तेव्हा कळतं. गुगलवरची नोंद स्वतःच्या नावावर घ्या, कारण बेवारस नोंदीत नंबर बदलण्याची सूचना कुणीही देऊ शकतो. महिन्यातून एकदा स्वतःच्या घराचं नाव शोधून बघा. पर्यटन खात्याकडची नोंदणी, जी १९८२ च्या कायद्यानुसार सक्तीची आहे, तिचा क्रमांक प्रत्येक जाहिरातीत छापा. पाहुण्यांच्या पासपोर्टचे आणि आधारचे फोटो रिसेप्शनच्या पोराच्या खासगी व्हॉट्सॲपवर पडलेले असू नयेत. पोलिसांना माहिती द्यायची ती द्या, पण कागद सांभाळायची जबाबदारी तुमचीच.

एक सापळा फार साळसूद दिसतो. पर्यटक म्हणतो, 'एटीएम चालत नाही, मी दहा हजार यूपीआयने टाकतो, मला रोख द्या, वर पाचशे ठेवा.' बहुतेकदा तो बिचारा खराच अडलेला असतो. पण चोरीच्या पैशाची रोख करायची हीच पद्धत आहे, आणि तसं असलं तर काही दिवसांनी परराज्यातल्या पोलिसांच्या पत्राने तुमचं खातं गोठतं. मग मुलांची फी, दुकानाचा माल, सगळं अडकतं. ओळख नसलेल्याला अशी रोख देऊ नका. धंद्याचं खातं घरखर्चापासून वेगळं ठेवा आणि प्रत्येक मोठ्या रकमेमागे बिल असू द्या. खातं गोठलंच तर बँकेकडून तक्रार क्रमांक आणि ठाण्याचं नाव मागा, बिलं जोडून त्या ठाण्याला ईमेल करा, आणि फक्त वादातली रक्कम होल्ड ठेवून बाकीचं खातं खुलं करण्याची विनंती करा.

स्वतःचं खातं 'वापरायला' देणाऱ्या पोरांना कळू द्या की फसवणुकीच्या गुन्ह्यात पहिला आरोपी खातेदार असतो.

जमिनीची ओळखचोरी

पैशांची चोरी सगळ्या देशात आहे. गोव्यात त्याहून मोठी चोरी कागदावर होते. मालक मुंबईत किंवा परदेशात, घर बंद, अंगणात रान. कुणीतरी मेलेल्या मालकाच्या नावाने खोटा दस्त करतो, पोर्तुगीज काळातली बनावट विक्री दाखवतो, नाहीतर तोतया वारस उभा करतो, आणि उताऱ्यावर नाव चढवून जमीन तिसऱ्याला विकतो. अशी इतकी प्रकरणं बाहेर आली की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. त्याच वर्षी उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही बसला.

बचाव कंटाळवाणा आहे, पण स्वस्त. एक-चौदाचा, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर ते सांगणारा, उतारा ऑनलाइन बघता येतो: तालुका, गाव, सर्वे नंबर, पोटविभाग. कब्जेदाराच्या रकान्यात कुणाची नावं आहेत, म्युटेशनचा, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीचा, नवा क्रमांक चढला आहे का, इतर हक्कांच्या रकान्यात काय आहे, एवढंच बघायचं. चतुर्थीला सगळे भाऊबंद मूळ घरी जमतात तेव्हा दरवर्षी उतारा काढून जुन्या प्रतीशी ताडून बघण्याचा रिवाज पाडावा. माटोळी बांधून झाली की अर्ध्या तासाचं काम. जुनी प्रत फेकू नका, तारखेसह फाइलला लावा.

उताऱ्यात आजोबांचंच नाव आहे आणि ते जाऊन तीस वर्षं झाली, तर चोराला याहून सोपी जमीन नाही. इन्व्हेंटरी (न्यायालयातली वारसा-वाटणी) किंवा डीड ऑफ सक्सेशन (वारस कोण ते सांगणारा दस्त) करून वारसांची नावं चढवा. भावांत वाटणीचा वाद असला तरी सगळ्यांची नावं लावायला हरकत नसावी. वाद आपसात राहतो, जमीन तरी राहते.

मामलेदार कचेरीची म्युटेशनची नोटीस जुन्या पत्त्यावर येते आणि तिथे घ्यायला कुणी नसतं. म्हणून गावातल्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा, आणि मराठी वृत्तपत्रांतल्या जाहीर सूचनांवर नजर ठेवायला सांगा. वकील जमीन घेण्याआधी सर्वे नंबरासह सूचना छापतात. तुमचा नंबर दिसला तर मुदतीत लेखी हरकत घ्या, तोंडी विचारपूस पुरत नाही. शंका आली की सब-रजिस्ट्रारकडून बोजाचा दाखला काढा. त्या जमिनीवर कुठले दस्त नोंदले गेले ते त्यात कळतं.

परदेशी राहणाऱ्यांनी 'सगळ्या मालमत्तेबाबत सर्व अधिकार' असं मुखत्यारपत्र कुणालाही देऊ नये, पुतण्यालाही नाही. काम कुठलं, सर्वे नंबर कुठला, मुदत किती, ते लिहा. विक्रीचा अधिकार नको असेल तर 'विक्रीचा अधिकार नाही' हेही लिहा. काम संपलं की नोंदणीकृत दस्ताने ते रद्द करा आणि प्रत सब-रजिस्ट्रारकडे पोचवा.

तारवट्यांसाठी दोन ओळी

बोटीवरची नोकरी देणाऱ्या एजंटकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाचा, खलाशी भरतीचा आरपीएसएल परवाना असायला हवा. नाव आणि क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. परवानाधारक संस्थेला खलाशाकडून नोकरी लावून देण्याचे पैसे घेता येत नाहीत, म्हणजे 'सीट बुक करायला' लाख मागणारा तिथेच बाद. किनाऱ्यावरच्या परदेशी नोकरीसाठी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंट तपासा. थायलंडचं तिकीट देऊन पुढे कंबोडिया किंवा म्यानमारला नेणाऱ्या 'डेटा एंट्री'च्या नोकऱ्यांत भारतीय तरुणांना कोंडून त्यांच्याकडूनच हे फसवणुकीचे फोन करवून घेतले गेले आहेत.

घरात कुणी गेल्यावर

मृताची ओळख वापरणं सोपं असतं, कारण तक्रार करणारा उरत नाही. दाखला मिळाला की बँका, पेन्शन कार्यालय आणि विमा कंपनी यांना लेखी कळवा. पॅन प्राप्तिकर खात्याकडे परत करा, पण शेवटचं विवरणपत्र भरून परतावा आल्यानंतरच. आधारची मृत्यूची नोंद संकेतस्थळावरून करता येते. मतदार ओळखपत्र आणि पासपोर्टसाठीही त्या त्या कार्यालयाला कळवा. सिम मात्र घाईने बंद करू नका. बंद केलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते, आणि तोच नंबर अजून बँकेला जोडलेला असला तर ओटीपी त्या अनोळख्या माणसाला जातात. आधी सगळ्या खात्यांचा आणि ठेवींचा दावा पूर्ण करा, नंबर सगळीकडून काढून घ्या, सिम शेवटी.